नोदाच्या बाजारात मोम्बासाचा भाव

जपानात राहतो, इथलीच गाडी चालवतो, पण जुन्या गाडीचा भाव कोण ठरवतं याचा मला परवापरवापर्यंत पत्ताच नव्हता. निम्मा भाव म्हणे केनियात ठरतो! श्रीलंकेत ठरतो, दुबईत ठरतो! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला पकडून सांगत सुटलोय. आता तुम्ही सापडलात.

टोक्योजवळ नोदा इथे यूएसएस कंपनीचं अवाढव्य लिलावगृह आहे. दर गुरुवारी तिथे हजारो गाड्या विकल्या जातात. येऱ्यागबाळ्याला आत प्रवेश नाही. ओळखीचे एक पाकिस्तानी व्यापारी, आमचे भाईजान, मला रीतसर परवानगी काढून घेऊन गेले. मला वाटलं, हातोडा असेल, आरडाओरडा असेल. छे! परीक्षेला बसल्यासारखी माणसं चिडीचूप, हाताशी बटण, समोर पडदा. गाडीचा फोटो येतो, बटणं दाबली जातात, आकडा सरसर चढतो, काही सेकंदांत गाडी गेलीसुद्धा! मी अजून तिचा रंगच बघत होतो.

आणि तो तपासणीचा कागद! गाडीची आकृती, तिच्यावर बारीक खुणा: ‘ए1’ म्हणजे किरकोळ ओरखडा, ‘यू2’ म्हणजे जरा मोठा पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे इथे पुन्हा रंग मारलाय, ‘आर’ शेरा म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. गाडी डोळ्यांनी न बघता केनियातल्या मोम्बासा बंदरातला माणूस या एका कागदावर पैसे पाठवतो. आपल्याकडे शेजाऱ्याची गाडी घेतानाही मेकॅनिक बरोबर नेतात हो!

बरं, जपानी माणूस धडधाकट गाडी विकतोच का? तर ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि प्रत्येक वेळी विमा-करासकट लाख येनच्या घरात खर्च. पेट्रोल गाडीला 13 वर्षं झाली की वार्षिक करही वाढतो. त्यापेक्षा विकलेली परवडली. त्यात इथे रस्त्याची डावी बाजू, उजवीकडे स्टिअरिंग, म्हणजे केनिया, न्यूझीलंड, श्रीलंका, पाकिस्तान सगळीकडे गाडी जशीच्या तशी चालते. वर्षाला 15 लाखांच्या आसपास जुन्या गाड्या बाहेर जातात. शिवाय 2005 पासून नवी गाडी घेतानाच तिच्या विल्हेवाटीची फी भरावी लागते. गाडी निर्यात झाली की ही फी परत मिळते! (आपण मात्र दार जवळजवळ बंदच ठेवलंय: तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही.)

आता खरी गंमत. एवढी गिऱ्हाइकं बाहेर उभी, म्हणून इथल्या जुन्या गाडीचा भाव एका मर्यादेखाली जातच नाही. 2022 मध्ये येन घसरला आणि परदेशी खरेदीदाराला तीच गाडी स्वस्त पडू लागली. त्याची बोली वाढली की शेजारच्या खुर्चीवरच्या जपानी डीलरलाही वाढवावी लागते. विकणारा खूश. त्याला जुनीचे चांगले पैसे येतात, तो लवकर नवी घेतो, कंपनीही खूश. मरतो कोण? खेड्यात राहणारा, जिथे बस नाही, ज्याला दोन-चार लाख येनमध्ये चालती गाडी हवी, तो. माझ्या मते या साऱ्या उलाढालीचं बिल तोच भरतो, आणि त्याच्यासाठी त्या हॉलमध्ये कुणी बटण दाबत नाही. गावच्या गॅरेजचंही तेच: गाडीच समुद्रापार गेली तर दुरुस्त काय करणार?

टोयोटाचा लँड क्रूझर तर कहर आहे. 2021 चं नवं मॉडेल बाहेर इतकं हवं होतं की वर्षभर विकणार नाही असं ग्राहकाकडून लिहून घेत होते! प्रतीक्षा चार वर्षांपर्यंत, आणि वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग. असलं उलटं गणित मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि हे सगळं दूरच्या सरकारांच्या एका सहीवर हलतं. श्रीलंकेने 2020 मध्ये गाड्यांची आयात थांबवली, 2025 मध्ये पुन्हा उघडली. ऑगस्ट 2023 मध्ये तर खुद्द जपाननेच 1900 सीसीवरच्या आणि हायब्रिड गाड्या रशियाला पाठवणं बंद केलं. तोयामाच्या किनाऱ्यावर रशियाच्या जिवावर धंदा करणाऱ्यांचं काय झालं असेल!

निघताना मी भाईजानांना माझ्या होंडा फिटबद्दल विचारलं. मला वाटलं, किती किलोमीटर झाली ते विचारतील. त्यांनी विचारलं, “पहिली नोंदणी कोणत्या साली?” केनिया आठ वर्षांपर्यंतचीच गाडी घेतं, साल बदललं की एक अख्खं नोंदणी-वर्ष बाद. मी साल सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “विकायची तर ऑक्टोबरच्या आत सांगा. नंतर जहाज मोम्बासाला लागेपर्यंत जानेवारी उजाडेल, आणि मग मी एवढे पैसे देणार नाही.”