पेटीवाल्याने शिकावे कुठे?

गाणाऱ्याच्या तोंडाकडे सगळे पाहतात. पेटीवाल्याच्या बोटांकडे सहसा कोणी पाहत नाही. ती जागच्या जागी नीट पडत असली, तर तो माणूस तिथे आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि एखादे बोट घसरले की साऱ्या माना एकदम त्याच्याकडे वळतात. देवळातल्या भजनात हे असेच, शाळेच्या प्रार्थनेत असेच, आणि चर्चमध्ये तर त्याहूनही असेच! तिथला ऑर्गन पुष्कळ ठिकाणी मागच्या बाजूला, उंच माळ्यावर ठेवलेला असतो. खाली गुडघे टेकलेल्या भाविकांना सूर ऐकू येतात, माणूस दिसत नाही. लग्नात वधू त्याच्या सुरावर चालत येते, अंत्यविधीला शवपेटी त्याच्याच सुरावर बाहेर पडते. पण लग्नाच्या फोटोत काही तो नसतो.

मी शाळामास्तर आहे आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. शाळेच्या प्रार्थनेची पेटी माझ्याकडेच. तेव्हा या जमातीविषयी मला आपुलकी वाटावी, यात नवल नाही. गवई गुरूकडे जातो, तबलजी गुरूकडे जातो. गावातला पेटीवाला मात्र बहुधा नुसता ‘बसतो’. कोणीतरी एक दिवस म्हणतो, “तू बस रे पेटीवर,” आणि तो जो बसतो तो जन्मभर! त्याने पुढे शिकायचे कुठे, हा प्रश्न आम्हा गावकऱ्यांना कशाला पडतो आहे?

मला तो पडला एका पाहुण्यामुळे. आमचे हातखंबे म्हणजे तिठा. एक रस्ता मुंबईकडे, एक रत्नागिरीकडे आणि एक पालीवरून पुढे गोव्याकडे नि कोल्हापूरकडे. तिठ्यावरच्या गावाला पाहुणे शोधावे लागत नाहीत. रस्ताच ते आणून घालतो. गेल्या श्रावणात गोव्याहून मुंबईला निघालेली एक बस इथे बंद पडली. पाऊस मी म्हणत होता. चार-सहा उतारू आमच्या पडवीत येऊन टेकले. त्यांतल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला, कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिले आणि विचारले, “मास्तर, हात लावू?”

त्यांनी भाता असा काही हलकेच ओढला की मी ओळखले, हा हात साधा नाही. सासष्टीकडच्या एका गावच्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत आणि तिथल्या गायकांचा ताफाही तेच सांभाळीत. मुंबईला चालले होते ते चार दिवसांच्या शिबिराला. ऑर्गन वाजवणाऱ्यांचे आणि गायकवृंद चालवणाऱ्यांचे शिबिर! वय विचारले, तर एकसष्ट.

“एवढी वर्षं वाजवल्यावर आता काय शिकायचं राहिलं?” मी विचारले.

“राहिलं म्हणजे?” ते हसले. “माझे गाणारे म्हातारे झाले, मास्तर. वरचा सूर त्यांना पोचत नाही. पट्टी उतरवली, तर पोरींना ती खाली पडते. मग करायचं काय? गावात विचारू कोणाला? गावाला वाटतं, मलाच सगळं येतं!”

बस दुरुस्त झाली आणि ते गेले. पण त्यांचे हे शेवटचे वाक्य माझ्या पडवीतून काही गेले नाही. गावाला वाटते, याला सगळे येते. वास्तविक मास्तराचेही तेच, आईचेही तेच. ज्याच्यावर सगळ्यांनी विसंबायचे, त्याला विचारायला कोणी उरत नाही.

त्या गृहस्थांना गोव्यात ‘मेस्त’ म्हणतात. पोर्तुगिजांच्या अमलात चर्चला जोडून पॅरिश शाळा असत. तिथे मेस्त मुलांना धर्मपाठांबरोबर सारेगम वाचायला शिकवी, व्हायोलिन हातात देई आणि रविवारच्या मिस्सेसाठी गाणारी मुले तयार करी. हेतू एवढाच, की चर्चमध्ये गायला माणसे असावीत. पण विद्या एकदा दिली की ती कुठे जाईल याचा नेम नसतो. ही स्वरलिपी वाचणारी मुले पोट भरायला मुंबईला गेली, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी आपली जागा केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. पहिले धडे त्यांच्याकडेच मिळाले. पुढे मुंबईत त्यांनी ज्यांना व्हायोलिन शिकवले, त्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल होते. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर पडून ज्या नावाने गातो, ते नाव शिष्याने गुरूला वाहिलेली दक्षिणा आहे. आम्ही ते गाणे वरातीत नाचून घालवले. त्यामागे एका खेड्यातल्या चर्चचा मेस्त उभा आहे, हे कोणाच्या लक्षात येणार!

पण मुलांना शिकवणारा मेस्त स्वतः पुढे काय शिके? युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचा विचार फार आधीपासून झालेला दिसतो. लंडनला 1864 साली ऑर्गन वाजवणाऱ्यांचे विद्यालय निघाले. तेच आजचे रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स. अमेरिकेत 1896 साली अशाच वादकांचा संघ स्थापन झाला. 1927 साली सिडनी निकल्सन या गृहस्थांनी इंग्लंडात चर्चसंगीताची संस्था काढली, ती खेड्यापाड्यांतल्या गायकवृंदांनाही हात देते. परीक्षा आहेत, शिबिरे आहेत. ऑर्गनवाल्याला नुसते वाजवता येऊन भागत नाही. कडवे संपताना गाणाऱ्यांना श्वास घ्यायला किती उसंत द्यायची, रेंगाळणाऱ्या समुदायाला न दटावता लयीत कसे ओढायचे, चार निरनिराळ्या जातींचे आवाज एकमेकांवर न चढता कसे बसवायचे, हे सारे शिकावे लागते, आणि माणसे बदलली की पुन्हा शिकावे लागते.

या बाबतीत सगळ्यांचा बाप म्हणजे योहान सेबास्टियन बाख. जर्मनीतल्या आर्नष्टाट गावच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवी. वय अवघे वीस. 1705 सालच्या शरदात त्याने चार आठवड्यांची रजा काढली, आपल्या जागी बदली माणूस दिला आणि ल्यूबेक शहरी बुक्स्टेहूड नावाच्या थोर वादकाला ऐकायला निघाला. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आमच्या तिठ्यावरून मुंबईपेक्षाही लांब. आणि गेला म्हणे पायी! चार आठवडे संपले. बाख काही परतेना. तो उगवला तब्बल चार महिन्यांनी. चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला समोर उभे करून जाब विचारला. एक तर रजा चौपट वाढवली, आणि वर आता प्रार्थनेच्या चालींत असे काही विचित्र सूर घालतो की भाविक गोंधळून जातात! मास्तर या नात्याने मला त्या अधिकाऱ्यांची बाजू कळते. हजेरीपट त्यांनाही भरायचा असेल. पण बाखच्या कपाळी शिक्षणाची रजा कोणी लिहिली नव्हती. ती त्याने पायांनी मिळवली, याचे मला अधिक कौतुक वाटते.

हे झाले तिकडचे. मराठी चर्चमधल्या पेटीवाल्याला तर दोनदा शिकावे लागले. मिशनरी आले ते आपल्या चाली घेऊन. त्या चालींत मराठी शब्द कोंबायचे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. कुठे बाही लांब, कुठे गळा आवळतो. ही अडचण ज्यांनी मनापासून ओळखली, त्यांतले मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावात जन्मलेले. ‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाईंमुळे ते आपल्या घरातलेच वाटतात. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, पण ओवी आणि अभंग काही त्यांनी मागे ठेवला नाही. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती पदसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत.

आता पेटीवाल्याची पंचाईत पाहा. इंग्रजी चाल चार आवाजांची असते. ती वाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून तिथे पायाने भाता मारायची पायपेटी सोयीची. अभंगाला चार आवाज घातले की त्याचा जीव गुदमरतो; तिथे बाजूला सरून, गाणाऱ्याच्या मागून चालावे लागते. मींड तर पेटीत नाहीच; ती गळ्यावर सोडून गप्प राहायचे असते. कुठे भरायचे आणि कुठे हात आखडायचा, ही एकाच माणसाने शिकायची दोन शास्त्रे झाली. पुढे कॅथलिकांतही हाच विचार आला. 1963 सालच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी जो ठराव केला, त्यात पाइप ऑर्गनचा मान राखला आहे, ज्या लोकांना आपली संगीतपरंपरा आहे तिला योग्य स्थान द्यावे असे म्हटले आहे, आणि संगीत शिकवणारे शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत असेही बजावले आहे. वसईकडे मिस्सा मराठीतून होऊ लागली, ती या बदलानंतर. शिक्षकाला आधी तयार करा! हे वाक्य मी आमच्या गावच्या देवळावरही लावायला तयार आहे.

कारण देवळातल्या भजनाची गोष्टही निराळी नाही. आमच्या मंडळाचे पेटीवाले काका बहात्तर वर्षांचे आहेत. पन्नासहून अधिक वर्षे सारे गाव त्यांच्या सुरावर गात आले. अलीकडे त्यांची बोटे दुखतात. यंदा गणपतीनंतर मंडळाची बैठक झाली. शिलकीत बरे पैसे होते. नवे कर्णे आणि ध्वनिवर्धक घ्यायचा बेत होता. मी म्हटले, “कर्णा घ्या, पण त्यात घालायला सूर कोण देणार? एक मुलगा रत्नागिरीला शिकायला पाठवा.” बरीच वादावादी झाली. कोणी म्हणाले, हल्ली तयार साथ यंत्रात मिळते. कोणी म्हणाले, काका कुठे शिकले होते? शेवटी काकाच बोलले. “मी शिकलो नाही, म्हणूनच सांगतो,” ते म्हणाले. “बुवा नवं पद घेतात, तेव्हा पहिल्या ओळीला माझ्या पोटात गोळा येतो. पन्नास वर्षं येतोय. पोराच्या पोटात कशाला?”

बैठक एकदम गप्प झाली. आम्हाला कोणालाच हा गोळा ठाऊक नव्हता. कर्णे पुढल्या वर्षावर गेले.

आता दर रविवारी दहावी झालेला एक मुलगा एस.टी.ने रत्नागिरीला जातो. भाडे आणि फी मंडळ देते. संध्याकाळी तो तिठ्यावर उतरला की काका ओट्यावर वाट पाहत असतात. “काय रे, आज काय दाखवलं?” पेटी मधे ठेवली जाते. काकांनी सगळा जन्म तीन बोटांवर काढला. अंगठा त्यांच्या लेखी नुसता सोबतीला होता. मुलगा त्यांना दाखवतो, अंगठा बाकीच्या बोटांखालून कसा काढायचा. बहात्तरीचा अंगठा अडतो. मुलगा हसत नाही. तो पुन्हा एकदा सावकाश वाजवून दाखवतो आणि म्हणतो, “काका, हळू. घाई नाही.”

यंदा दिवाळीच्या पहाटे देवळात भजन आहे. पहिले पद काका वाजवणार, दुसरे मुलगा. तिसऱ्या पदाचे दोघांत अजून ठरत नाही. तू बस, तुम्ही बसा, असे चालले आहे.