पथ्याची मिसळ

पथ्याचा डबा लावायला फोन करणारा माणूस मीठ किती, साखर किती हे नंतर विचारतो. आधी विचारतो, “चव असते ना हो?” विचारणारा बहुधा स्वतः पेशंट नसतो. सून असते, मुलगी असते, कधी परदेशातून बोलणारा मुलगा असतो. ज्यांच्यासाठी डबा हवा ते बाबा तिथेच खुर्चीत बसलेले असतात आणि मागून त्यांचा आवाज येतो, “दुधी नको म्हणावं!”

त्यांचं काही चुकत नाही. पथ्य म्हटलं की ताटात काय येणार हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. उकडलेली भाजी, अळणी वरण, कोरडी पोळी, आणि शेजारच्या ताटातल्या बटाटेवड्याचा वास. माणूस काही आठवडे हे निमूटपणे खातो. मग एका संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतो, कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन वडापाव संपवतो आणि घरी येऊन “आज भूक नाही” म्हणतो. पथ्य मोडतं ते असं. जिभेला सगळंच नाकारलं की ती पळवाट शोधते.

मी पुण्यात असे डबे करते. आवडीचे पदार्थ पथ्यात बसवणं हाच माझा धंदा. त्यात एक गोष्ट पक्की कळली आहे. प्रत्येक पदार्थात एक जागा अशी असते की तिला हात लावला तर तो पदार्थच उरत नाही. पण ती जागा आपल्याला वाटते त्याहून खूप लहान असते. तेवढी सांभाळली की बाकीच्या भागात बिनधास्त कात्री चालवता येते. उलट ती जागा न ओळखता सगळीकडून थोडं थोडं कापत गेलं, की हाती येतं ते पथ्याचं जेवण, ज्याला बाबा भितात.

मिसळच घ्या. तिला उगाच बदनाम केलंय. तिच्या पोटात मोड आलेली मटकी आहे आणि मटकीशी डॉक्टरांचं भांडण नाही. भांडण आहे ते कटावरच्या तर्रीशी, मूठभर फरसाणाशी आणि मैद्याच्या पावाशी. तर्री काढून टाका हे सांगायला सोपं. पण मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. मसाल्यांचा बराचसा वासही तेलच धरून ठेवतं. बिनतेलाचा कट तपकिरी दिसतो आणि नुसता तिखटजाळ लागतो. मिसळ खाणाऱ्याला आधी डोळ्यांनी लाल दिसावं लागतं. ही तिची हात न लावण्याची जागा. मात्र लाल दिसायला तेलाचा थर बोटभर जाड लागत नाही, पातळ तवंगही पुरतो.

म्हणून मी कटाचं काम दोन भागांत करते. कांदा तव्यावर कोरडाच भाजते, काळे डाग पडेपर्यंत. त्यात लसूण, आलं, चमचाभर भाजलेलं सुकं खोबरं आणि शिजलेल्या मटकीतलीच दोन डाव मटकी घालून बारीक वाटते. एरवी तेल आणि खोबरं जो दाटपणा देतात, तो या वाटलेल्या मटकीने येतो. कट उकळून तयार झाला की मग तेलाची पाळी. चार माणसांना दोन चमचे. फोडणीच्या पळीत ते तापवून गॅस बंद करायचा, तेल किंचित निवू द्यायचं आणि त्यात ब्याडगी मिरचीची पूड सोडायची. ब्याडगी रंगाला उदार आणि तिखटाला बेताची. पूड फसफसून फुलते, तेल माणकासारखं होतं. इथे क्षणभर रेंगाळलं तर ती जळते आणि कडू होते, म्हणून लगेच डावभर गरम कट त्याच पळीत ओतायचा आणि सगळं मिळून पातेल्यावर पसरायचं. ढवळायचं नाही. तवंग वरच राहतो आणि पहिल्या घासाला समोर येतो.

फरसाणाकडून माणसाला हवी असते कुरकुर. ती भाजक्या पोह्यांचा चिवडा देतो, त्यावर चवीला खरी शेव चमचाभर. हे सगळं वेगळ्या पुडीत, नाहीतर डबा पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. पावाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भाकरी देता येते, पण कटात बुडवल्यावर पाव जसा रस पितो तसा भाकरी पीत नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस देतात, तोही मैदाच. तेव्हा पाव एकच देते आणि मटकी दुप्पट. खाणारा दुसरा पाव मागतो, पण मटकीने पोट भरलेलं असल्यामुळे त्या मागण्यात फारसा जोर नसतो.

फोडणी शेवटी वरून देण्याची ही रीत मी आता आमटीला, उसळीला, कोशिंबिरीला, सगळीकडे वापरते. तेल सुरुवातीला घालून त्यात अर्धा तास भाजी शिजवली तर हिंग, मोहरी, कढीपत्ता यांचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात फिरून जातो आणि ताटात थोडाच उरतो. तेच चमचाभर तेल अगदी शेवटी पडलं तर वास थेट नाकाला भेटतो. तेल कमी करायचं म्हणजे ते कुठे ठेवायचं हे ठरवायचं.

आणि ते मोजायचं. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली, तरी तेलाच्या बाबतीत आपला हात सैलच राहिला. बरणी उचलायची आणि ओतायची. साधा हिशेब मांडून बघा. चौघांच्या घरात महिन्याला 4 लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे 30 ग्रॅम तेल पोटात जातं. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर 270 कॅलरी झाल्या, आणि यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. माझ्या ओळखीत ज्या घरांत बरणीत चमचा आला, तिथे दुसरा कुठलाही उपाय न करता तेलाचा डबा जास्त दिवस पुरू लागला.

मिठाचं गणित तेलाहून अवघड. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. त्यात पापड, लोणचं, पाव, फरसाण यांतलं मीठही आलं. भाजीतलं मीठ एकदम निम्मं केलं तर पहिल्याच घासाला पकडले जातो. म्हणून मी आंबटाचा आधार घेते. आमसूल, चिंच, लिंबू किंवा ताकातला आंबटपणा असला की मिठाची उणीव कमी जाणवते. शिवाय मीठ हळूहळू उतरवायचं. काही आठवड्यांत जीभ नव्या मापाला रुळते आणि मग बाहेरचीच भाजी खारट लागायला लागते. “कमी सोडियमचं मीठ वापरा ना,” असं अनेक जण सुचवतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते माझ्या डब्यात जात नाही. डब्यात काय आहे ते मी झाकून ठेवत नाही. बेमालूम फसवण्याची हौस पाहुण्यांपुरती ठीक, गोळ्या घेणाऱ्या माणसाला आपण काय खातो ते कळायलाच हवं.

आता तळण. बटाटेवड्याच्या प्रेमात असलेल्यांना मी सांगते की तळण्याला नाव ठेवण्याआधी नीट तळायला शिका. वडा तेलात पडला की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर येत राहते. बुडबुडे दिसतात ते तिचेच. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेला जोर नसतो आणि वडा जास्त वेळ तेल पीत बसतो. 170 ते 180 अंश ही बरी पट्टी. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहावा, तो तळाला न बसता लगेच वर यायला हवा. बरंचसं तेल मात्र वडा बाहेर काढल्यावर आत जातं, कारण निवताना आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. म्हणून झारा कढईवरच धरून दोनदा झटकायचा आणि गरम असतानाच वडे कागदावर सुटे मांडायचे. एकावर एक रचले की खालचा वरच्याचं तेल पितो. पिठात सोडा जास्त झाला तरी आवरण जाळीदार होऊन तेल धरतं. चमचाभर तांदळाचं पीठ घातलं तर सोड्याशिवाय कुरकुरीतपणा येतो.

सारण तेच ठेवून अप्पेपात्रात थेंबभर तेलावर केलेले गोळेही मी देते. छान लागतात. पण चिठ्ठीवर मी त्यांना बटाट्याचे अप्पे लिहिते, वडा लिहीत नाही. वड्याचं नाव ऐकून आलेल्या जिभेला वड्याचं कवच हवं असतं, आणि ते न मिळाल्याचा राग चांगल्या अप्प्यांवर निघतो.

गोडाचा विषय निघाला की लोक गुळामागे लपतात. “साखर नाही हो, गूळ घातलाय.” गुळात थोडे खनिज क्षार असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो जवळजवळ तशीच वाढवतो. खजूर आणि मध यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पुरणपोळीत जुनं माप डाळीएवढा गूळ. मी पाऊण घालते. त्याखाली गेलं की पुरण कोरडं पडतं, पोळी लाटताना फुटते, कारण गूळ गोडीबरोबर पुरणाला लवचीकपणाही देतो. गोडी उठून दिसावी म्हणून जायफळ जरा सढळ हाताने आणि पुरणात मिठाची चिमूट. पारी कणकेची. पोळी तळहाताएवढी. हरभऱ्याची डाळ सावकाश पचते, ही त्यातली जमेची बाजू. तरीही मधुमेहींसाठी पुरणपोळी निर्धोक झाली असं मी कधीच म्हणत नाही. ती लहान झाली, एवढंच. कटाची आमटी मात्र वाटीभर जास्त देते.

श्रीखंडात याहून जास्त सवलत मिळते. किलो चक्क्याला किलो साखर हे जुनं प्रमाण मी सहाशे ग्रॅमवर आणलं. साखर कमी झाल्यावर चक्का तितका सैल होत नाही, तेव्हा थोडं दूध घालून फेटावं लागतं. आणि वाढताना ते फ्रीजमधून थेट ताटात येऊ देऊ नये. फार गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवलेलं श्रीखंड त्याच साखरेत जास्त गोड लागतं.

साबुदाण्याशी मात्र फार हुज्जत घालता येत नाही. तो कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो आणि आपल्या एकादशीला शुद्ध होतो. त्यात प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत. खिचडीत जे काही बळ आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. मग साबुदाणा कमी करून कूट वाढवायचं, तुपाची फोडणी बेताची ठेवायची आणि जोडीला वाटीभर काकडीची कोशिंबीर, दही घालून. साबुदाणा मोकळा, मऊ आणि चकचकीत राहिला पाहिजे ही त्याची न बदलणारी अट. कूट जास्त झालं की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे इथे प्रकृती आणि चव एकाच बाजूला उभ्या राहतात. असा योग क्वचितच येतो.

या सगळ्या खटाटोपात अधूनमधून हसूही येतं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा ज्वारी-बाजरीचे पिझ्झे आणि केक यांची लाट आली. आमच्या मावशींना विचारलं असतं तर त्यांनी डब्यातून भाजणी काढून दिली असती. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं भाजून दळलेलं. त्यात कांदा-कोथिंबीर घालून थापलेलं थालीपीठ. पिठलं-भाकरी, उकडीचे मोदक, वाफवून वरून फोडणी दिलेली अळूवडी, मुगाचं बिरडं, ताकाची कढी. यांतलं काहीच सुधारावं लागत नाही. डब्याच्या आठवड्यात चार दिवस मी हेच देते. कात्री चालवायचे पदार्थ उरलेल्या दोन-तीन दिवसांपुरते.

आणि काही पदार्थांना मी हातच लावत नाही. दर दिवाळीत कुणीतरी विचारतं, भाजलेली चकली कराल का? ओव्हनमधून चकली काढता येते, दिसतेही झकास. पण तळलेल्या चकलीचे काटे दातांखाली कुडकुडत मोडतात, भाजलेलीचे टोचतात. चकलीत जपायची ती जागा म्हणजेच तळण, कापायला बाकी काही उरतच नाही. मी त्यांना सांगते, चकली घरीच करा, ताज्या तेलात तळा, मोहन मापाने घाला आणि दोन खा. दोन म्हणजे दोन. तिसरीला हात गेला तर फोन करा, दुसऱ्या दिवशी डब्यात दुधी पाठवीन.