फाटकावरचं ‘गुड नाइट’

त्रिनिदादमध्ये ‘गुड नाइट’ म्हणून कुणी निरोप घेत नाही. ते येणाऱ्याचं बोलणं. दिवस मावळल्यावर कुणाकडे गेलात, की फाटकाशी उभं राहून खणखणीत आवाजात ‘गुड नाइट, गुड नाइट!’ म्हणायचं. आतूनही ‘गुड नाइट!’ येतं, गॅलरीतला दिवा लागतो, आणि तुम्ही आत जाता. १९८४ साली ह्यांना सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आम्ही दादरहून तिथे गेलो. पहिल्याच आठवड्यात रात्री आठच्या सुमाराला फाटकातून हा आवाज आला. मला वाटलं, रस्त्यावर कुणी कुणाचा निरोप घेतंय. पाच मिनिटांनी पुन्हा आला, म्हणून बाहेर डोकावले. शेजारच्या आजी उभ्या होत्या, हातात फडक्याने झाकलेलं ताट. दालपुरी, आणि भोपळ्याची भाजी.

‘आजी’ हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. तिथे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आणि वडिलांच्या वडिलांना आजा. ३० मे १८४५ला ‘फातेल रझाक’ जहाज सव्वादोनशे मजूर घेऊन त्या बेटाला लागलं. पुढे १९१७पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला नेली गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यांची भोजपुरी नातवंडा-पतवंडांच्या तोंडून गेली, पण नात्यांची नावं आणि स्वयंपाकघरातले शब्द मागे राहिले. आजी माझ्याशी त्यांच्या धाटणीच्या इंग्रजीत बोलायच्या आणि हाक मात्र ‘दुलहिन’ म्हणून मारायच्या. सासर सोडून इतक्या लांब आल्यावर पुन्हा कुणीतरी मला सून केलं होतं.

त्या घरांची गॅलरी म्हणजे आपली ओसरी. रस्त्याकडे तोंड करून, कमरेएवढ्या कठड्याची, तीन बाजूंनी उघडी. तिन्हीसांजेला प्रत्येक गॅलरीत कुणी ना कुणी बसलेलं असायचं. येणारा-जाणारा थांबायचा, कठड्याला टेकायचा, तासभर बोलायचा. याला तिथे ‘लायमिंग’ म्हणतात. काहीही न करता चार माणसांनी मिळून वेळ घालवणं, आणि त्याची जराही खंत न करणं. मी मुंबईची म्हटल्यावर पहिला शब्द यायचा ‘गावस्कर’. १९७१च्या दौऱ्यातल्या ७७४ धावा, त्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर एकाच कसोटीत केलेली १२४ आणि २२०. आपल्या गोलंदाजांना झोडपणाऱ्या पाहुण्यावर लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने चक्क कौतुकाचं कॅलिप्सो गाणं रचलं होतं, आणि तेरा वर्षांनंतरही लोक ते मला गॅलरीत गाऊन दाखवायचे.

रात्र त्या बेटावर फार मोठी होती. क्युरेपच्या नाक्यावर मध्यरात्री आम्ही डबल्स खायला चालत जायचो. ‘बारा’ नावाच्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये चण्याची उसळ, वर मिरचीची चटणी. नाताळच्या आधी ‘परांग’वाले यायचे. स्पॅनिश गाणी, क्वात्रो नावाचं छोटं तंतुवाद्य, हातात खुळखुळे. कुणालाही न कळवता रात्री दोनला दाराशी गाणं सुरू करायचं आणि घरच्यांनी झोपेतून उठून दार उघडायचं, असा रिवाज. आजींचे दीर गेले तेव्हा आठ रात्री अंगणात माणूस हटलं नाही. मंडपाखाली ‘ऑल फोर्स’चा पत्त्यांचा डाव, कॉफी, बिस्किटं, मधूनच कुणीतरी रामायणातली चौपाई धरायचं. पहाटेपर्यंत बसायचं, कारण घरच्यांना रात्र एकट्याने काढायला लागू नये.

आणि टॅक्सी. ईस्टर्न मेन रोडवर नुसता हात केला की गाडी थांबायची. आत अनोळखी चारजण असायचे. बसताना ‘मॉर्निंग’ म्हणणं सक्तीचं, न म्हणणारा उद्धट. गाडीच्या पाटीवर ‘एच’ असेल तर ती परवान्याची टॅक्सी, ‘पी’ असेल तर खासगी. खासगी गाडीच भाड्याने धावत असेल तर तिचं नाव ‘पीएच’. कायद्यात न बसणाऱ्या त्या पीएचमध्ये सगळेच बसायचे. आया आपली सहा-सात वर्षांची पोरं चालकाच्या हवाली करायच्या, मुठीत नाणं देऊन: ‘शाळेच्या फाटकाशी उतरवा.’

तेव्हा सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. कोयता प्रत्येक घरात होता, आणि रम प्यायल्यावर तो निघायचाही. मळ्यांवरच्या बरॅकींत बायकांचे किती खून नवऱ्यांनी केले, हे आजी हलक्या आवाजात सांगायच्या. बोयसी सिंग नावाचा टोळीवाला १९५७ साली फासावर गेला, त्याची गोष्ट अजून मुलांना भीती घालायला वापरत. पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला लाव्हेंटीयची टेकडी आहे. तेलाच्या रिकाम्या पिंपांतून स्टीलपॅन हे वाद्य ज्या वस्त्यांनी घडवलं, त्यांतली ही मुख्य. तिथले वादकांचे ताफे चाळीस-पन्नासच्या दशकांत दगड, बाटल्या, कोयते घेऊन एकमेकांवर तुटून पडत. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या ताफ्याचं नावच ‘डेस्परॅडोज’. पण ती भांडणं वाद्यावरच निवली. १९८६च्या जानेवारीत, कार्निव्हलच्या आधी, आम्ही त्यांचा सराव ऐकायला टेकडीवर गेलो होतो. शंभरेक माणसं एकाच वेळी वाजवत होती, पायाखालची जमीन थरथरत होती, आणि एका अनोळखी बाईने तिची खुर्ची मला दिली होती. रात्री अकराला आम्ही दोघं पायी खाली उतरलो. भीती हा शब्द आमच्या मनालाही शिवला नाही.

२७ जुलै १९९०, शुक्रवार. संध्याकाळी टीव्ही लावला. तेव्हा देशात टीव्हीचं एकच केंद्र होतं. बातम्यांच्या जागी यासिन अबू बक्र बसला होता, मागे बंदूकधारी उभे. सरकार उलथवलं आहे, असं तो शांतपणे सांगत होता. त्याच्या ‘जमात अल मुस्लिमीन’च्या माणसांनी रेड हाउस या संसदभवनात शिरून पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन आणि त्यांच्या मंत्र्यांना ओलीस धरलं होतं. रॉबिन्सन यांच्या पायात गोळी घातली गेली. सहा दिवस हे चाललं. पोर्ट ऑफ स्पेनचा मध्यभाग लुटला गेला, जळाला. दोन डझनांच्या आसपास माणसं मेली. संचारबंदीत आजी कुंपणाच्या तारेवरून मला वांगी आणि दूध द्यायच्या. गॅलरीत बसायचं नाही, असं त्यांनी मला पहिल्यांदा त्याच आठवड्यात सांगितलं.

वाटाघाटीत मिळालेलं माफीपत्र दाखवून बंडातले ११४ जण १९९२मध्ये सुटले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते माफीपत्र अवैध ठरवलं, तरी खटला पुन्हा चालला नाही. देशाच्या पंतप्रधानावर गोळी झाडून माणूस मोकळा फिरू शकतो, हे टेकडीवरच्या पोरांनी पाहिलं. पुढे जे घडलं त्याचं सगळं खापर मी या एका घटनेवर फोडत नाही. व्हेनेझुएलाचा किनारा जवळात जवळ अकरा किलोमीटरवर आहे. दक्षिण अमेरिकेतलं कोकेन उत्तरेकडे जाताना या बेटावर थांबा घेऊ लागलं आणि त्याच्या पाठोपाठ बंदुका आल्या. सत्तरच्या दशकातला तेलाचा पैसा ऐंशीत आटला. सरकारी रोजगार योजनेची कंत्राटं वस्त्यांतल्या दादांच्या हाती गेली, आणि सत्ताधारी त्यांना ‘कम्युनिटी लीडर’ म्हणू लागले. हे नाव देणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. कोवळ्या मुलांना काम हवं असेल तर दादाकडे जावं लागेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली.

१९९३मध्ये आम्ही परतलो. १९९९ साली त्या देशात ९३ खून झाले होते. २००८मध्ये साडेपाचशेच्या घरात. २०२४मध्ये सहाशे वीसच्या वर. लोकसंख्या जेमतेम चौदा लाख. सव्वा कोटीच्या आपल्या मुंबईत अलीकडे वर्षाला दोनशेच्या आत खून होतात, एवढं सांगितलं की पुरे. खुनाला तिथे फाशीचीच शिक्षा आहे, पण १९९९नंतर कुणी फासावर गेलेलं नाही, आणि बहुतेक खुनांचा छडाच लागत नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत मी पुन्हा गेले, एकटी. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची नात, जी तेव्हा माझ्याकडे पोहे खायला यायची, आता पन्नाशीला आलेली शिक्षिका आहे. ३० डिसेंबरला लागू झालेली आणीबाणी चालू होती. पोलिसांना वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार होता, आणि त्यातच कार्निव्हलची तयारीही चालली होती.

घर मी ओळखलंच नाही. कमरेएवढ्या कठड्यावर छतापर्यंत लोखंडी गज. याला तिथे ‘बर्गलर प्रूफ’ म्हणतात. गजांवर पांढरा रंग, वेलबुट्टी. सुंदर करायचा प्रयत्न केला होता, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. कुंपणाच्या जागी भिंत, भिंतीवर काटेरी तार. तिच्यामागे कळकाच्या काठ्यांवर पूजेच्या झेंड्या मात्र तशाच, लाल, पिवळ्या.

“आंटी, साडेसहाला मी कुलपं लावते,” ती म्हणाली. मी मोजली. फाटकाचं एक, गजांच्या दाराची दोन, आतल्या दाराची दोन.

तिचा चुलतभाऊ शाग्वानासला हार्डवेअरचं दुकान चालवायचा. २०००नंतरच्या दशकात खंडणीसाठी अपहरणांची लाट आली, आणि तिचा धसका भारतीय वंशाच्या दुकानदार कुटुंबांनी फार घेतला. शाळेतून मूल यायला दहा मिनिटं उशीर झाला की आई रस्त्यावर. त्याने दुकान विकलं आणि कॅनडाला गेला, ब्रॅम्प्टनला. त्याच्यामागून आणखी दोन घरं गेली. गल्लीत आता सणाला दिवे लावायलासुद्धा माणसं कमी.

पण तिच्या बोलण्यात ‘ते लोक’ हा शब्द वारंवार यायला लागला तेव्हा मी तिला थांबवलं. मरणाऱ्यांत सर्वांत जास्त लाव्हेंटीय, बीटम, सी लॉट्स या वस्त्यांतली तरुण काळी मुलं आहेत. २०१६च्या जानेवारीत शाळेच्या गणवेशातली दोन मुलं घरी जाताना टॅक्सीतून उतरवून मारली गेली. ‘डेस्परॅडोज’ची सरावाची जागाही टेकडीवरून खाली शहरात आली, कारण ऐकणारे वर जायला धजेनात. वाद्य ज्या टेकडीवर वाढलं, तिथेच ते ऐकता येईना. मला खुर्ची देणारी ती बाई आज कुठे असेल? आजींची नात शिक्षिका आहे, लगेच समजली. म्हणाली, “गोळीबार झाला तर बाकाखाली कसं आडवं व्हायचं, हे मीसुद्धा मुलांना शिकवते, आंटी.”

टॅक्सीला हात करायची मला तिने परवानगी दिली नाही. २०२१च्या सुरुवातीला एक तरुणी कामावरून परतताना अरिमात टॅक्सीत बसली आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह दरीत सापडला. गावोगाव हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. त्याच वर्षी मिरचीचा फवारा बाळगायला कायद्याने मुभा मिळाली. तिच्या पर्समध्ये तो असतो. ओळखीच्याच चालकाला फोन करायचा, नंबर बहिणीला पाठवायचा, पोचल्यावर पुन्हा संदेश. गाडीत कुणी ‘मॉर्निंग’ म्हणत नाही, कारण गाडीत दुसरं कुणी नसतंच. दुखवट्याची बैठकही आता नऊला उठते.

माझ्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. पावणेआठ झाले असतील. बाहेरून आवाज आला, “गुड नाइट! गुड नाइट!”

माझ्या तोंडून उत्तर येणारच होतं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. टीव्हीचा आवाज बंद केला. घरातलं कुणीच हललं नाही. तिच्या नवऱ्याने मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा दूर धरलं. मग सुस्कारा टाकून म्हणाला, “कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा आहे. त्यांच्याकडे आज यज्ञाची समाप्ती होती.”

आतल्या दाराची दोन कुलपं उघडली. गजांच्या दाराची एक किल्ली सापडेना, ती फ्रिजवर निघाली. ती उघडेपर्यंत बाहेर स्कूटरचा आवाज लांब गेला होता. अंधारात तो तरी किती वेळ उभा राहणार? फाटकाच्या दांडीला कागदी पिशवी अडकवलेली होती. आत केळं, दोन बर्फ्या आणि तुपातला शिरा, ज्याला ते ‘परसाद’ म्हणतात. अजून कोमट होता.