बिनपैशाचे घोडे

मनुष्यानें मनुष्यावर उपकार करावे ही गोष्ट सर्व धर्मांना मान्य आहे. परंतु ज्याच्यावर उपकार व्हावयाचे त्याची संमति आधीं घ्यावी कीं नाहीं, याविषयीं कोणीं स्पष्ट सांगितलेलें आमच्या वाचनांत नाहीं. हा प्रश्न आम्हांस सुचला तो कोणत्याहि ग्रंथावरून नव्हे. अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागांत, एका लांकडी घोड्यावर बसलों असतां सुचला. आमच्या वयाच्या प्राध्यापकानें लांकडी घोड्यावर बसावें हें शोभतें काय, असें वाचक विचारतील. आमच्या कन्येनेंहि तें विचारलें होतें.

कन्या तेथील बिंगहॅम्टनच्या विद्यापीठांत शिकत असल्यामुळें एका उन्हाळ्यांत आम्ही दीड महिना तिच्याकडे राहिलों. सस्क्वेहॅना नदीच्या कांठीं बिंगहॅम्टन, जॉन्सन सिटी आणि एंडिकॉट अशीं तीन गांवें जवळजवळ एकमेकांना लागून आहेत. पैकीं शेवटच्या दोन गांवीं रस्त्यावर एकेक दगडी कमान उभी आहे. १९२० च्या सुमारास कामगारांनीं उभारलेल्या या कमानींवर जीं अक्षरें आहेत, त्यांचा अर्थ ‘सरळ व्यवहाराचें माहेरघर’ असा करतां येईल. राजांसाठीं आणि सेनापतींसाठीं उभारलेल्या कमानी आम्हीं पाहिल्या होत्या. जोडे करणाऱ्या मालकाच्या धोरणाला त्याच्याच मजुरांनीं कमान बांधावी, हें आम्हांस नवें होतें.

हा मालक म्हणजे जॉर्ज एफ्. जॉन्सन. त्याचा जन्म १८५७ सालचा, मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचा. तेराव्या वर्षीं तो जोड्यांच्या कारखान्यांत कामाला लागला, १८८१ मध्यें बिंगहॅम्टनला आला, आणि तेथील कारखान्यांत पायरीपायरीनें वर चढला. १८९९ मध्यें त्यानें कारखान्याचा मालक हेन्री एंडिकॉट याजकडे निम्मी भागी मागितली. किंमत दीड लाख डॉलर, आणि जवळ रोकड नाहीं! एंडिकॉटनें वचनचिठ्ठीवर व्यवहार केला. पुढें ‘एंडिकॉट-जॉन्सन’चे कामगार वीस हजारांच्या घरांत गेले. पूर्व आणि दक्षिण युरोपांतून आलेले लोक तोडक्यामोडक्या इंग्रजींत ‘विच् वे ई-जे?’ एवढेंच विचारीत या गांवीं पोंचत, अशी आख्यायिका आहे. १९१६ मध्यें एका गांवाचें जुनें नांव जाऊन ‘जॉन्सन सिटी’ हें नांव पडलें.

कामगारांना त्यानें घरें बांधून लागतीच्या किंमतीस दिलीं; दवाखाना फुकट ठेवला; कायद्यानें सक्ति होण्याच्या कितीतरी आधीं आठ तासांचा दिवस सुरू केला; नफ्यांत वाटा दिला; बागा, वाचनालय, एवढेंच काय, गोल्फचें मैदानहि दिलें. (गोल्फ हा खेळ चांभारानें खेळावा ही कल्पना त्या काळीं आमच्याकडे कोणी काढली असती, तर त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतलें असतें.) परंतु सर्वांत त्याचा जीव होता तो बेसबॉलवर. जॉन्सन सिटींतील ‘जॉन्सन फील्ड’ हें मैदान १९१३ चें. तेथें १९२३ पासून ज्या संघाचें बस्तान बसलें त्याचें नांव ‘ट्रिप्लेट्स’, म्हणजे तिळीं भावंडें. हीं भावंडें म्हणजे अर्थात् तीं तीन गांवें. १९३२ पासून तो सुप्रसिद्ध यांकी संघाच्या हाताखालीं खेळूं लागला. व्हायटी फोर्ड हा पुढें नामांकित झालेला गोलंदाज १९४९ मध्यें येथेंच खेळला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९४८ मध्यें, जॉन्सन वारला होता. १९६८ च्या हंगामानंतर संघहि संपला आणि मैदानहि. तेथून हमरस्ता गेला. कन्येनें मोटार चालवितां चालवितां ‘बाबा, इथेंच होतं तें’ असें सांगेपर्यंत आम्ही मैदान मागें टाकलें होतें.

बेसबॉलविषयीं आमचें मत विचारण्यांत अर्थ नाहीं. ज्या खेळांत चेंडू मागच्या बाजूस टोलविला असतां धांव मिळत नाहीं, त्याच्याशीं आमच्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाचें सूत जमणें कठीण. तथापि तेथील सध्यांच्या संघाचा एक सामना आम्हीं पाहिला. या संघाचें नांव २०१७ पासून ‘रम्बल पोनीज’, म्हणजे दणदणाट करणारीं तट्टें, असें आहे. हीं तट्टें कोणतीं? तींहि जॉन्सननेंच दिलेलीं! पहिल्या महायुद्धानंतरच्या पंधरावीस वर्षांत त्यानें आणि त्याच्या घराण्यानें या गांवांना फिरत्या घोड्यांचे सहा पाळणे दिले. लहानपणीं पैशाअभावीं त्याला अशा पाळण्यावर बसतां आलें नव्हतें म्हणून ते कायमचे फुकट राहावे अशी अट त्यानें घातली, असें तेथें सांगतात. कारखाना गेला, मैदान गेलें, घोडे राहिले.

सामन्याच्या तिसऱ्या डावाच्या सुमारास शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाशीं बोलणें निघालें. त्याचे आजोबा कारखान्यांत चामडें कमावीत. १९४० मध्यें युनियन हवी कीं नको यावर कामगारांचें मतदान झालें, आणि दोन मोठ्या युनियनांपैकीं एकहि नको असा कौल कामगारांनीं प्रचंड बहुमतानें दिला, ही हकीकत आम्ही वाचून होतों. ‘तुमच्या आजोबांनीं काय मत दिलें?’ असें आम्हीं विचारलें. तो हंसला आणि म्हणाला, ‘त्यांच्या घराचे हप्ते जॉर्ज एफ्. कडे चालू होते.’ इतकें बोलून तो पुन्हां सामना पाहूं लागला. या वाक्यांत तक्रार होती कीं कृतज्ञता, हें आम्हांस त्याच्या मुद्रेवरून ओळखतां आलें नाहीं.

आम्हांला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, याला कारण आमचे वडील. आमचें बालपण एका गिरणीच्या गांवांत गेलें. वडील तेथें जॉबर होते. मालक सज्जन, खोटें कशाला बोला? गांवाला क्रिकेटचें मैदान त्यांनीं दिलें, दरवर्षीं सामने भरविले, आणि आमची शाळेची फी चार वर्षें त्यांच्या घरून गेली. अकराव्या वर्षीं आम्हांस त्यांच्या हातून एक बॅट बक्षीस मिळाली. पुढच्याच वर्षीं गिरणींत संप झाला. एकोणीस दिवस सगळे खातें सोडून बाहेर बसले असतां आमचे वडील रोज सकाळीं मागल्या दारानें कामावर जात. मालकांनीं त्यांना तसें सांगितलें नव्हतें. एका शब्दानेंहि सुचविलें नव्हतें. सांगितलें असतें तर, वडिलांचा स्वभाव पाहतां, ते बाहेर बसले असते असें आम्हांस आजहि वाटतें.

संप मिटला, परंतु चाळींत आईला हळदीकुंकवाचें बोलावणें दोन वर्षें आलें नाहीं. वडिलांच्या जोडीनें पंधरा वर्षें काम केलेले एक गृहस्थ समोरून आले कीं खालीं पाहूं लागत. वडिलांनीं आमच्याशीं याविषयीं कधीं चकार शब्द काढला नाहीं. फक्त ती बॅट एके दिवशीं खुंटीवरून माळ्यावर गेली, आणि आम्हींहि ती खालीं मागितली नाहीं. पुढें मालकांचा अमृतमहोत्सव झाला तेव्हां गौरवपर भाषण करण्यास आम्हांस, म्हणजे गांवच्या पहिल्या प्राध्यापकास, पाचारण आलें. आम्ही गेलों, बोललों, टाळ्याहि झाल्या. वडील पहिल्या रांगेंत बसले होते. भाषण चालू असतां ते हातांतल्या निमंत्रणपत्रिकेची घडी घालीत आणि उलगडीत होते.

जॉन्सनचे चाहते म्हणतील, तो माणूस ढोंगी नव्हता. कामगारांच्या वस्तींतच राहिला, मंदीच्या दिवसांत त्यांना संभाळलें. तें सर्व खरें मानूनच आम्ही हें लिहीत आहों. दुष्ट मालकाविषयीं विचार करणें सोपें असतें. आमच्या वडिलांना दुष्ट मालक मिळता, तर त्यांचे मित्र त्यांच्याजवळ राहते.

निघण्याच्या आदल्या दिवशीं कन्या आम्हांस रॉस पार्कमध्यें घेऊन गेली. सहा पाळण्यांपैकीं एक तेथें आहे. घोडे लांकडाचे, कोरीव, लगामांचे रंग अजून टवटवीत. आम्हीं संवयीनें खिशांत हात घातला, तेव्हां कन्या म्हणाली, ‘बाबा, पैसे नाहीं चालत इथें. कचरा द्यायचा.’ या पाळण्याचें भाडें म्हणून बागेंतला कचऱ्याचा एक तुकडा उचलून द्यावा असा तेथें प्रघात आहे. आम्हीं वांकून एका झाडाखालचें चॉकोलेटचें वेष्टण उचललें. पाळण्यावरच्या मुलानें तें गंभीरपणें घेऊन पिंपांत टाकलें आणि आम्हांस एक पांढरा घोडा दाखविला.

फेरी संपल्यावर कन्येनें विचारलें, ‘आणखी एक?’

आम्ही दुसरा कागद शोधूं लागलों.