क्रोन्सला सोबत घेऊन माहेरी

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढले, तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा औषधंच जास्त होती. तीन वर्षांनी मी रत्नागिरीला, माहेरी निघाले होते. या काळात भाचीचं लग्न झालं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी मी काहीतरी सबब सांगितली. खरं कारण एकच होतं. वाटेत पोटात कळ आली तर जायचं कुठे?

मला क्रोन्स आहे. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती पचनमार्गावर उलटते आणि तिथे सूज येते, जखमा होतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही हे होऊ शकतं, पण बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतं. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. जुलाब, पोटदुखी, घटतं वजन, थकवा ही लक्षणं आतड्याच्या टीबीसारखीच असतात. मलाही आधी काही महिने टीबीचीच औषधं मिळाली. पुन्हा कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी झाली, तेव्हा खरं निदान झालं. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो मुळापासून जात नाही, पण औषधांनी शांत ठेवता येतो.

बोगद्यातली दहा मिनिटं

बस थांबेल तेव्हाच सोय, रेल्वेत मात्र ती डब्यातच. म्हणून रेल्वे निवडली आणि जागाही दाराजवळची घेतली. मांडवी तिच्या खाण्यासाठी प्रसिद्ध. पनवेल सुटलं आणि गरम कटलेटचा वास डबाभर पसरला. मी माझी मऊ खिचडी काढली. समोरच्या काकूंनी भाकरी-ठेचा पुढे केला.

“नको काकू.”

“डाएट का गं?”

“नाही, आतड्याचा आजार आहे.”

परक्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. काकूंनी फक्त मान हलवली आणि मला केळं दिलं.

चिपळूणला वाशिष्ठी ओलांडली, संगमेश्वर मागे पडलं आणि कळ आलीच. संडासापुढे दोघं उभे होते. तेवढ्यात गाडी साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात शिरली. धीर करून म्हटलं, “काका, मला पोटाचा आजार आहे. आधी जाऊ द्याल का?” दोघंही चटकन बाजूला झाले. मी जागेवर परतले तेव्हा खिडकीत ऊन होतं. ज्या प्रसंगाला तीन वर्षं घाबरले, तो दहा मिनिटांत संपला होता.

आईचा मऊभात

घरी फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी असा बेत होता. आईने ताट वाढलं आणि मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “एवढं एकटीनेच सोसलंस होय गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर मऊभात, मेतकूट आणि तूप आलं. लहानपणी रोज हीच न्याहारी असायची. दुपारी हापूसची एक फोडही मिळाली. आजार शांत असताना बरंच काही खाता येतं, पण प्रत्येकाचं पोट वेगळं. मला काय सोसतं, काय नाही, ते मी वहीत लिहून ठेवते.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर निघालो, तेव्हा धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “ताई, तिथल्या हॉटेलात सोय आहे. मी विचारून ठेवलंय.” समुद्र पाहण्याआधीच डोळे भरून आले.

तुम्ही निघाल तेव्हा

• औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. चार दिवसांची औषधं जास्तच घ्या.

• बायोलॉजिक इंजेक्शन साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. ते थर्मासच्या पिशवीत न्या, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका.

• उकळलेलं पाणी, ओआरएस आणि कपड्यांचा एक जोड जवळ असू द्या.

• डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळी घेऊ नका.

• ताप, शौचातून रक्त, सतत उलट्या किंवा असह्य पोटदुखी असेल, तर प्रवास थांबवून थेट डॉक्टर गाठा.

निघताना आईने विचारलं, “गणपतीला येशील ना?”

“येईन. दाराजवळचीच जागा घेईन.”