हाकेचं नाव

टपालपेटीवर चिकटवायची पट्टी सहा सेंटिमीटर लांब होती. माझं नाव तिच्यात मावेना.

जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचं नाव, की झाला पत्ता. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. माझं एक गेलं. त्यात अकरा आकडी कर-क्रमांक होता. तो हाती नसल्यानं ग्रंथालयातल्या कामाच्या पहिल्याच पगारातून जास्तीचा कर कापला गेला. म्हणून त्या संध्याकाळी कात्री घेऊन बसले होते.

तो २०२३चा ऑक्टोबर होता. नव्या घरात आल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग, म्हणजे रहिवासाची नोंद, करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकानं सही करून दिलेला कागद घेऊन मी त्याआधीच नोंदणी कार्यालयात गेले होते. आपल्या पासपोर्टात नावाचे रकाने दोनच. एकात आडनाव, दुसऱ्यात उरलेलं सगळं. त्या उरलेल्यात माझ्या शेजारी बाबा उभे. टेबलापलीकडच्या बाईंना दोन्ही नावं माझीच वाटली. त्यांनी विचारलं, ‘‘यातलं रूफनामे कोणतं?’’

रूफनामे म्हणजे हाक मारायचं नाव. तिकडे एकेकाला दोन-तीन नावं असतात. त्यातलं हाकेचं कोणतं, ते कळावं म्हणून जुन्या कागदांवर त्याच्याखाली रेघ मारून ठेवत. मला ही रेघ फार आवडली.

मिरजेच्या आमच्या घरात बाबांचं नाव कुणीच घेत नसे. आईचं ‘अहो’, काकूचं ‘भाऊजी’, शाळेतल्या पोरांचं ‘सर’. आजी तेवढी मागच्या दारातून ‘दत्तू, पाणी तापलं रे’ म्हणायची. ती गेली आणि ती हाकही गेली. मग नाव राहिलं ते लाइटबिलावर आणि रेशनकार्डावर. मी नऊ वर्षांची असताना मामाच्या लग्नात बायकांनी आईला उखाण्यासाठी घेरलं. ती पुष्कळ आढेवेढे घेत होती. शेवटी पदर सावरून उभी राहिली, डोळे मिटले आणि घडाघडा म्हणू लागली. नावाशी आल्यावर मात्र तिचा आवाज एकदम खाली उतरला, जिन्याची एक पायरी अंधारात चुकावी तसा. तरी ऐकू आलं. दत्तात्रय. आईच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडच्या पंगतीत बाबा जिलबी वाढत होते. ते ताट हातात धरून तसेच थांबले. समोरच्या पानात जिलबी पडायची राहून गेली.

‘‘दात्तात्राया,’’ टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या. पासपोर्टातलं एकेक अक्षर पडद्यावरच्या अक्षराशी ताडून पाहताना आणखी दोनदा म्हणाल्या. त्या खोलीत माझ्या बाबांचं नाव तीनदा मोठ्यानं घेतलं गेलं.

त्या वर्षी बँकेत अडकवावे लागलेले ११,२०८ युरो, महिन्याला त्यातले हाती येणारे ९३४, व्हिसासाठी घातलेले खेटे, यांबद्दल माझे मित्र तासन्‌तास बोलतात. खरंच जीव मेटाकुटीला येतो. पण कुणीतरी आपलं नाव अक्षर न चुकवता उतरवून घेतं, यात मला मोठी सभ्यता वाटते.

आईचं नाव मात्र त्या रकान्यात नव्हतं. ते माझ्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर होतं, आणि ते पान त्या दिवशी कुणी उलटलं नाही. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आता महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी फार आधीची.

पट्टी कापली त्या रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. तिला पैशांचं, पत्राचं काही ऐकायचं नव्हतं. ‘‘ती बाई कसं म्हणाली? परत म्हण.’’

‘‘दात्तात्राया.’’

ती खूप हसली. मग म्हणाली, ‘‘तसं नाही गं. दत्तात्रय. त्र नीट म्हणायला शिकव तिला.’’

तिच्यामागे चाललेली पेपराची सळसळ थांबली.