दप्तरातली साक्ष

सरकारशी भांडणारा वकील लगेच आपल्या डोळ्यांपुढे येतो. सरकारी नोकरीत राहून तेच भांडण लढणाऱ्या वकिलाची मात्र कुणी फारशी आठवण काढत नाही. मला जॉन डोर यांची ओढ वाटते ती म्हणूनच. विस्कॉन्सिनमधल्या लहानशा गावातले हे वकील १९६० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यात, नागरी हक्क विभागात रुजू झाले.

त्या काळी मिसिसिपीत मतदार व्हायचं तर राज्यघटनेतलं एखादं कलम उतरवून त्याचा अर्थ लिहून द्यावा लागे. कलम कोणतं, ते नोंदणी अधिकारी ठरवी आणि उत्तरही तोच तपाशी. गोऱ्या माणसाला पुष्कळदा एका ओळीचं कलम मिळे: कर्जापायी कुणाला तुरुंगवास नाही. काळ्या माणसाच्या वाट्याला लांबलचक, किचकट मजकूर. आयुष्यभर मुलांना अक्षरं गिरवायला लावणारे शिक्षक त्या कचेरीत नापास होत. हे आठवलं की आजही मला संताप आवरत नाही.

डोर आणि त्यांचे सहकारी या कचेऱ्यांची दप्तरं उघडायला लावत. अर्जांचे फोटो काढायचे, गोऱ्यांचे नि काळ्यांचे अर्ज शेजारी शेजारी मांडायचे, मग धुळीच्या रस्त्यांनी वस्त्यावस्त्यांवर जाऊन जबान्या घ्यायच्या. किती चिवट, किती एकाकी काम! जून १९६३ मध्ये खून झालेले नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांच्या अंत्ययात्रेनंतर जॅक्सनमध्ये संतप्त जमाव आणि बंदूकधारी पोलीस समोरासमोर आले, तेव्हा हेच डोर मधोमध जाऊन उभे राहिले. ते धैर्य मोठंच. पण मला त्या अर्जांवर वाकलेले डोर अधिक जवळचे वाटतात. अन्याय ज्या शाईने लिहिला गेला, तिलाच त्यांनी साक्षीला उभं केलं.

१९६४ मध्ये मिसिसिपीतल्याच नेशोबा परगण्यात चेनी, गुडमन आणि श्वर्नर या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. राज्य सरकारने तेव्हा खुनाचा खटला भरलाच नाही. मग यादवी युद्धानंतरच्या एका जुन्या कायद्याखाली, हक्क हिरावण्याच्या कटाचा आरोप ठेवून, १९६७ मध्ये डोर स्वतः सरकार पक्षातर्फे उभे राहिले. गोऱ्या ज्यूरीने सात जणांना दोषी ठरवलं. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं. तीन जीवांपुढे ती फारच थोडी, असंच मला वाटतं.

त्याच वर्षाअखेर त्यांनी खातं सोडलं. तोवर १९६५ च्या मताधिकार कायद्याने ती परीक्षा बंद पाडली होती, आणि मिसिसिपीतल्या निम्म्याहून अधिक प्रौढ काळ्या नागरिकांची नावं मतदार यादीत चढली होती.